गाजरगवताचा शत्रू, पण भारतात सोडलाच नाही

१९८३ ते १९८५ या काळात मेक्सिकोतून तीन कीटक बंगळुरूला आणले गेले. तिघांकडून अपेक्षा एकच होती, गाजरगवताचा फडशा पाडण्याची. त्यातला एक पुढे देशभर पसरला. दुसऱ्याची प्रयोगशाळेत पैदासच होईना. तिसऱ्याची पैदास झाली, चाचण्याही झाल्या, आणि मग त्याचा सगळा साठा मारून टाकण्यात आला. हे टिपण त्या तिसऱ्याचं आहे.

त्याचं नाव एपिब्लेमा स्ट्रेन्युआना. पंख पसरले तरी जेमतेम दीड सेंटिमीटर भरेल असा राखाडी-करडा पतंग. दिव्यावर आला तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. एपिब्लेमा ही टॉर्ट्रिसिडी या पतंगांच्या कुळातली प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट आहे. या कुळातल्या बऱ्याच अळ्या पानं गुंडाळून आत राहतात, पण एपिब्लेमाच्या अळ्यांना खोडाचा किंवा मुळाचा गाभा लागतो, आणि तोही मुख्यतः सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडांचा. उत्तर अमेरिकेतली एपिब्लेमा स्कडेरियाना गोल्डनरॉडच्या खोडात गाठ करून अख्खा बर्फाळ हिवाळा आत काढते. तिच्या अंगात ग्लिसरॉल साठतं आणि उणे तीस अंशांखालीही ती गोठत नाही. तिकडचे मासेमार गाठी फोडून त्या अळ्या गळाला लावतात. युरोप-आशियातली एपिब्लेमा फोएनेला दवण्याच्या जातभाईंची, म्हणजे आर्टेमिसियाची, मुळं पोखरते. आपल्या प्रकरणातली जात अमेरिका-मेक्सिकोची. तिचं खाणं तीन ठिकाणचं : गाजरगवत, रॅगवीड म्हणजे ॲम्ब्रोसिया, आणि शंकेश्वर, ज्याला काही भागांत लांडगा म्हणतात. तिन्ही तणं, तिन्ही एकाच कुळातली. तणाचा शत्रू शोधणाऱ्याला याहून चांगली यादी मिळणं कठीण.

खोडाच्या आत काय चालतं

मादी पानांवर एकेक अंडं घालते. अळी बाहेर आली की थोडे दिवस पान किंवा कोवळा कोंब कुरतडते आणि मग शेंड्याच्या किंवा पानाच्या बेचक्यातल्या डोळ्यातून खोडात शिरते. तिथून पुढे झाडच तिचं घर बांधतं. अळीभोवतीच्या पेशी वाढत जातात आणि खोडाला चातीच्या आकाराची गाठ येते, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. गाठ उभी चिरली तर आत पोखरलेली वाट, विष्ठेचा भुसा आणि पांढुरकी अळी दिसते.

कोषात जाण्याआधी अळी एक काम करून ठेवते. पतंगाला चावायला जबडा नसतो, त्यामुळे खोडाची भिंत आतून कोरण्याचं काम तिलाच उरकावं लागतं. ती बाहेरची पातळ साल तेवढी शाबूत ठेवते, म्हणजे बाहेरून दार बंदच दिसतं. पतंग निघायची वेळ झाली की कोष पुढे सरकतो, ती साल फुटते, पतंग उडून जातो आणि रिकामं टरफल त्या भोकातून अर्धं बाहेर लोंबत राहतं. जुनी गाठ ओळखायची ती या टरफलावरून. उबदार हवेत महिना-दीड महिन्यात एक पिढी पुरी होते. थंडी आणि कोरड पडली की पूर्ण वाढलेली अळी गाठीतच सुप्तावस्थेत जाते.

या जीवनक्रमातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. अळी आत गेली की ती बाहेरून दिसत नाही, आणि तिच्यापर्यंत फवारणीही पोहोचत नाही. तणाच्या बाबतीत हा गुण आहे. पिकाच्या बाबतीत हाच दोष ठरतो.

पुण्याचं तण, क्वीन्सलँडचा उपाय

गाजरगवताची भारतातली आधुनिक नोंद पुण्याची. १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावं पडेपर्यंत ते रेल्वेरुळांच्या कडेनं, रस्त्यांवरून, पडीक रानांतून देशभर गेलं होतं. एक चांगलं माजलेलं झाड पंधरा हजारांवर बी टाकतं. झाडातल्या पार्थेनिन या रसायनामुळे हातापायांना, मानेला, पापण्यांना खाज आणि चट्टे येतात. साठच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी असे रुग्ण साथीसारखे येत असल्याची नोंद केली आहे. खुरपणीला जाणाऱ्या बायकांना हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

योगायोग असा, की याच सुमारास हे तण ऑस्ट्रेलियातही दिसलं : १९५५ मध्ये क्वीन्सलँडमधल्या टूगुलावा गावाजवळ, आणि १९६० मध्ये क्लेरमाँटच्या परिसरात. दुसऱ्या वेळी ते टेक्ससहून आलेल्या कुरणाच्या गवतबियाण्यातून आलं. तिथे प्रश्न गुराखी-पशुपालकांचा होता. मैलोगणती कुरणं, माणसं विरळ, खुरपणी अशक्य, आणि तणनाशक परवडणारं नाही. म्हणून त्यांनी मेक्सिकोत जाऊन या तणाचे नैसर्गिक शत्रू शोधले. एपिब्लेमा स्ट्रेन्युआना १९८२ मध्ये क्वीन्सलँडमध्ये सोडली गेली. तिथल्या चाचण्यांत सूर्यफूल सुरक्षित ठरलं होतं, आणि मध्य क्वीन्सलँडच्या शेतकऱ्याला काळजी सूर्यफुलाचीच होती.

पतंग झपाट्यानं पसरला. काही वर्षांतच तो गाजरगवताच्या बहुतेक पट्ट्यांत पोहोचला. शंकेश्वर आणि रॅगवीडवरही त्यानं आपलं बस्तान बसवलं. मग पुढे के. धिलीपन आणि रेचल मॅकफॅडिन या तिथल्या संशोधकांनी मोजमाप केलं की या गाठींमुळे झाडाचं नेमकं किती बिघडतं. उत्तर मिश्र आलं. झाड रोपावस्थेत, पानांचा झुपका जमिनीलगत असतानाच गाठ पडली तर उंची, पानं, फुलं सगळंच घटतं. पण झाड वर निघून फुलोऱ्यावर आल्यावर गाठ पडली तर ते बाजूच्या फांद्या फोडून बरंचसं नुकसान भरून काढतं. म्हणजे लवकर गाठलं तरच मार बसतो.

हा निष्कर्ष भारतातल्या निर्णयानंतरचा आहे, पण तो निर्णय तपासताना फार उपयोगी पडतो. पतंगाची खरी किंमत काय होती, हे त्यातून कळतं. तो गाजरगवत संपवणारा नव्हता. त्याला कमजोर करणारा होता, आणि तेही वेळ साधली तर.

चाचणीत काय निघालं

बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथे भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत के. पी. जयंत यांनी या कीटकांवर काम केलं. कुठलाही परदेशी कीटक मोकळा सोडण्याआधी तो आपल्या पिकांना तोंड लावतो का, हे बंदिस्त जागेत पाहावं लागतं. त्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत तण आणि पीक शेजारी ठेवून कीटकाला निवड करू द्यायची. दुसरीत निवडच द्यायची नाही. समोर फक्त पीक ठेवायचं आणि बघायचं, तो उपाशी मरतो की त्यावर वाढतो.

पिकांच्या यादीत जवळच्या नात्याची झाडं आधी घेतात. गाजरगवत ज्या हेलिअँथी गटातलं, त्याच गटात जुन्या वर्गीकरणानुसार सूर्यफूल येतं आणि कारळंही. जिथे ऑस्ट्रेलियाला कारळ्याची फिकीर करण्याचं कारण नव्हतं, तिथे भारताला ती करणं भाग होतं. आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. एपिब्लेमा स्ट्रेन्युआनाच्या अळ्यांनी कारळ्यावर जीवनक्रम पूर्ण केला. अळी खोडात शिरली, वाढली, कोष झाला, पतंग निघाला. १९८७ मध्ये जयंत यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पतंग सोडायचा नाही असं ठरलं आणि त्याची प्रयोगशाळेतली पैदास नष्ट करण्यात आली.

कारळं म्हणजे ग्वायझोशिया ॲबिसिनिका, मूळ इथिओपियाचं. नाशिक-पालघरच्या डोंगराळ भागात खुरासणी. देशावर बहुतेकांची त्याच्याशी ओळख ताटाच्या डाव्या बाजूला, चटणीपुरती. पण सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा, इगतपुरी, अकोले या पट्ट्यात ते उताराच्या वरकस जमिनीचं पीक आहे. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, आणि जमीन दमली की खुरासणी, असा तिथला जुना फेरा. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रानं या पिकावर वर्षानुवर्षं काम केलं. 'आयजीपी-७६' हे वाण तिथलंच. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीत कारळ्याचं नाव आहे, परदेशात पक्ष्यांचं खाद्य म्हणून ते निर्यात होतं. आणि तरीही हेक्टरी उत्पादन तीन-चार क्विंटलांच्या आसपास घोटाळत राहतं. ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड इथेही हे आदिवासी शेतकऱ्याचंच पीक आहे.

खुरासणीच्या शेतात गेलं तर या चाचणीचा अर्थ हाताला कळतो. खोड मऊ, रसाळ, आतून पोकळ. वाकवलं तर कट्‌कन मोडतं. अळीला शिरायला डोळे भरपूर, कारण झाड बेचक्याबेचक्यातून फांद्या फोडतं. गाठ पडून खोड अर्ध्यात कमजोर झालं आणि ऑक्टोबरचा एक वारा-पाऊस आला, तर वरचा पिवळा फुलोरा जमिनीवर.

निर्णय बरोबर होता का?

या प्रकरणाचा सरळ वाचला जाणारा अर्थ असा : पतंग चाचणीत नापास झाला, म्हणून रोखला. मला हा अर्थ अपुरा वाटतो. कारण त्या चाचणीनं पतंग कारळ्याची कीड होईलच, असं सिद्ध केलं नव्हतं. तो होऊ शकतो, एवढंच दाखवलं होतं.

पिंजऱ्यातली मादी आणि रानातली मादी यांच्या वागण्यात मोठा फरक असतो. रानात ती वासाचा माग काढत, हव्या त्या झाडापर्यंत जाते. पिंजऱ्यात दूर जायला जागाच नसते. पोटात अंडी असतात आणि ती कुठेतरी घालावी लागतात. अशा अवस्थेत पतंग पिंजऱ्याच्या जाळीवरही अंडी घालतात, हे कीटक पाळणाऱ्या कुणालाही माहीत आहे. त्यामुळे बंदिस्त चाचणीत कीटकाची भूक असते त्याहून मोठी दिसते. जैविक नियंत्रणाच्या वर्तुळात यावर जुना वाद आहे. अशा 'खोट्या दोषारोपा'मुळे चांगले कीटक वाया जातात, असं एका बाजूचं म्हणणं. त्यात तथ्य आहे.

तरीही निर्णय बरोबर होता असं मी म्हणतो, आणि त्याची कारणं पिंजऱ्याबाहेर आहेत.

पहिलं म्हणजे वेळ. खुरासणीची पेरणी जुलै-ऑगस्टची. तोपर्यंत जूनच्या पावसावर गाजरगवत फोफावलेलं असतं आणि पतंगाच्या पहिल्या एक-दोन पिढ्या त्यावर पोसल्या गेलेल्या असत्या. म्हणजे पतंगाची संख्या चढती आणि खुरासणी नेमकी कोवळी, हा मेळ बसला असता. क्वीन्सलँडच्या मोजमापातून पुढे जे कळलं, की नुकसान होतं ते कोवळ्या अवस्थेत गाठलं तर, ते इथे पिकाला लागू पडतं. मादीची पहिली पसंती गाजरगवतच राहिली असती, हे मान्य. पण बांधावर तणाची गर्दी आणि हवेत शेकडो पतंग असताना पसंतीबाहेरची सांडलवंड होतेच. घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसात गाजरगवत पठारावरच्याइतकं माजत नाही, असा प्रतिवाद होऊ शकतो. पण रस्त्याकडेला, वस्त्यांभोवती, बांधांवर ते आहे आणि पतंगाला पोहोचायला तेवढं पुरतं.

दुसरं, उपाय नसणं. खुरासणीला कुणी फवारत नाही. फवारणीचा खर्च पिकाच्या उत्पन्नात बसत नाही. आणि कुणी फवारायचं ठरवलंच, तर खोडातल्या अळीला काही होणार नाही, मधमाश्या मात्र मरतील. खुरासणी स्वतःच्या परागानं फारसं बी धरत नाही. दाणा भरायला तिला मधमाशी लागते. म्हणजे कीड आली तर शेतकऱ्याला हात बांधून बघत बसावं लागलं असतं.

तिसरं, हिशेब कुणाच्या नावावर. गाजरगवत कमी झालं तर फायदा वाटला जातो : पुण्यातल्या मैदानाला, सोलापूरच्या पडीक रानाला, रेल्वेला, महापालिकेला, थोडा थोडा सगळ्यांना. खुरासणीचं नुकसान वाटलं जात नाही. ते सुरगाण्याच्या एका उतारावरच्या एका कुटुंबाचं असतं. एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही, आणि अशा नुकसानीला भरपाईची कुठली व्यवस्थाही नसते. फायदा मध्यम, संभाव्य तोटा सर्वांत कमी आवाज असलेल्या शेतकऱ्याच्या माथी, आणि माघार अशक्य. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर पुरावा अर्धवट असला तरी थांबणंच योग्य.

गाजरगवताचा त्रास सोसणाऱ्यांत हाच शेतकरी नाही का, असं विचारता येईल. आहे. पण तो तण उपटू शकतो, हातमोजे नसले तरी फडकं गुंडाळून. खोडातली अळी उपटता येत नाही.

जो पास झाला त्याचं काय झालं

याच तुकडीतला झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगा चाचण्यांत सुरक्षित ठरला आणि १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला गेला. सुरुवातीची काही वर्षं तो दिसेनासाच होता. मग त्याची संख्या एकदम वाढली आणि पावसाळ्यात गाजरगवताची नुसती उघडी खोडं उभी दिसू लागली. (स्मिक्रोनिक्स ल्युट्युलेंटस या फुलात वाढणाऱ्या सोंड्याचं गाडं आपल्याकडे पैदाशीतच अडलं, ऑस्ट्रेलियात तो रुजला.)

आणि मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातून बातमी आली : हा भुंगा सूर्यफुलाची पानं खातोय. खळबळ उडाली, केंद्र सरकारला सत्यशोधन समिती नेमावी लागली. चाचणीत जे पीक सुरक्षित ठरलं होतं, तेच शेतात कुरतडलेलं दिसत होतं.

उकल जयंत यांच्याच गटानं १९९३ मध्ये मांडली. शेताच्या कडेला गाजरगवत फुलावर असतं, त्याचे परागकण वाऱ्यानं सूर्यफुलाच्या पानांवर बसतात आणि भुंगा त्या परागाच्या नादानं पान चावतो. परागकण नसलेलं स्वच्छ पान तो फारसं खात नाही. प्रयोगशाळेत ठेवलेली सूर्यफुलाची पानं अर्थातच स्वच्छ होती. सूर्यफुलाचं मोठं नुकसान काही झालं नाही, आणि आज तोच भुंगा ऑगस्टमधल्या गाजरगवत जागृती सप्ताहात डब्यांत भरून वाटला जातो.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की प्रयोगशाळेची मर्यादा दोन्ही बाजूंनी दिसते. पतंगाच्या बाबतीत पिंजऱ्यानं धोका कदाचित फुगवून दाखवला. भुंग्याच्या बाबतीत स्वच्छ पानानं तो लपवला. कारळ्याच्या चाचणीतही झाडांवर गाजरगवताचे पराग बहुधा नसावेत. शेतात असते, तर मादीनं कारळ्याकडे अधिक ओढ दाखवली असती की नाही, हा प्रश्न भुंग्याच्या अनुभवानंतर आपोआप उभा राहतो. १९८७ मध्ये तो कुणाला सुचण्याचं कारण नव्हतं.

आता पुन्हा विचार करायचा झाला तर

मधल्या काळात पतंगानं जग पाहिलं. चीननं तो ऑस्ट्रेलियातून नेला आणि हुनान प्रांतात रॅगवीडविरुद्ध सोडला. इस्रायलमध्ये तो कुणी न सोडता पोहोचला आणि तिथल्या रॅगवीडवर आढळला. इकडे मेक्सिकन भुंगा पावसाळा सरला की जमिनीत दडी मारतो, आणि ओलिताच्या बांधांवर, कॅनॉलच्या कडेला गाजरगवत हिवाळाभर डोलत राहतं. त्यामुळे आणखी एखादा कीटक आणावा ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते, आणि एपिब्लेमाचं नाव त्यात असतंच.

हे प्रकरण पुन्हा उघडायचं असेल तर कारळ्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी पतंग इथे आणण्याची काहीच गरज नाही. बी तिकडे पाठवायचं. मध्य क्वीन्सलँडमध्ये, जिथे पतंग चाळीस वर्षांहून अधिक काळ मोकळा आहे, गाजरगवताच्या दाट पट्ट्यालगत कारळ्याचे वाफे टाकायचे : एक अगदी कडेला, एक पन्नास मीटरवर, एक त्याहून लांब. पेरणी अशा बेतानं, की रोप कोवळं असताना पतंगाची संख्या चढती असेल. वाण इगतपुरीचं घ्यायचं, ओडिशाचं घ्यायचं, कारण खोडाची जाडी आणि फुटवा वाणागणिक बदलतो. मग दर आठवड्याला गाठी मोजायच्या, दुसऱ्या हंगामात वाफ्यांभोवतीचं तण उपटून पुन्हा मोजायच्या, म्हणजे सांडलवंड किती आणि स्वतंत्र पसंती किती हे वेगळं काढता येईल. शेवटी दाणे तोलायचे, कारण गाठ दिसली म्हणजे उत्पादन घटलंच असं नाही. दोन-तीन हंगामांचं काम आहे, आणि खर्च एका जागृती सप्ताहाच्या फलकांपेक्षा फार नसावा.

तोपर्यंत इगतपुरी-सुरगाण्याच्या पट्ट्यात काम करणाऱ्या कृषी सहायकांना एक गोष्ट माहीत असलेली बरी. पतंग इस्रायलमध्ये न सांगता गेला, तसा तो कुठल्याही बंदरातून आपल्याकडेही येऊ शकतो. गाजरगवताच्या किंवा शंकेश्वराच्या खोडाला चातीसारखी गाठ दिसली, आणि तिच्या भोकातून तपकिरी टरफल अर्धं बाहेर आलेलं असलं, तर झाड उपटून फेकू नये. गाठीसकट पिशवीत बंद करून जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावं, आणि त्याच दिवशी शेजारच्या खुरासणीची खोडं तपासावीत.